डमरूचा दगड

आमच्या चर्चच्या मंडळीत काहीही हरवलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. एकदा वेदीवरची पितळी फुलदाणी दिसेना, तर कितीतरी रविवार मला कुणी धड सलाम केला नाही. फुलदाणी शेवटी पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात निघाली, आत पळ्या आणि झारे उभे करून ठेवलेले. सगळे पोट धरून हसले. माफी कुणीच मागितली नाही, कारण तोंडाने कुणी काही बोललंच नव्हतं. नुसतं बघितलं होतं. बघण्याबद्दल माफी कशी मागणार?

याला कारण माझा धंदा. पडायला आलेल्या घरांचा माल मी घेतो आणि विकतो: सागवानी चौकटी, तुळया, खांब, घडीव दगड. सुरुवात केली तेव्हा एक हातगाडी होती, तीही भाड्याची. आज जालन्यात अंबड रोडला माझं यार्ड आहे, आणि मोठमोठ्या शहरांतले आर्किटेक्ट तिथं येऊन मला 'शेठ' म्हणतात. पण चर्चच्या फाटकातून आत शिरलो की मी भंगारवाला. पंचकमिटीत मला कधी घेतलं नाही. फाटक बसवायचं असेल, कौलं आणायची असतील, तेव्हा मात्र रात्री-अपरात्री फोन येतो.

आता थडग्याचं सांगतो. इंग्रजांची पलटण इथं होती तेव्हा गोऱ्यांनी आपल्या गावाकडे असतं तसं दगडी चर्च बांधलं आणि तिकडच्याच रिवाजाप्रमाणे आवारातच माणसं पुरली. पलटण गेली. चर्च आमच्या वाट्याला आलं, आणि त्याबरोबर त्यांची थडगीही आली. बहुतेक साधी आहेत. नक्षीचं एकच आहे. ते दगडी पेटीसारखं आहे, चार बाजूंना चार उभ्या फळ्या आणि वर जाड झाकण. झाकणाच्या कडेने द्राक्षाचा वेल कोरलेला आहे. लहानपणी आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो. आत कुणा साहेबाची तरुण बायको आहे म्हणतात, पण अक्षरं झिजली आहेत. पायथ्याच्या फळीवर वाळूचं घड्याळ आहे, वर रुंद, मध्ये बारीक, खाली पुन्हा रुंद, आणि दोन्ही बाजूंना पंख. वेळ उडून जातो असा त्याचा अर्थ, असं आमचे सेक्रेटरी प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

उशाकडची फळी मात्र नव्हती. मला कळायला लागल्यापासून तिथं विटा रचलेल्या होत्या आणि झाकणाचं ते टोक विटांवर टेकलेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्या विटा खचल्या. झाकण तिरपं झालं, एका कोपऱ्याला बारीक तडा गेला. रविवारची उपासना झाल्यावर आवारातच सभा भरली.

सेक्रेटरी म्हणजे आमचे जुने हेडमास्तर. शाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो, म्हणून ते मला अजून अरे-तुरे करतात, आणि मीही अजून त्यांना सरच म्हणतो. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मूळ फळी मिळाली असती तर प्रश्नच नव्हता. पण असले नक्षीचे दगड कुठे जातात, काय भावाने जातात, हे आपल्यातल्या काही लोकांना जास्त ठाऊक."

सगळ्यांच्या माना वळल्या. कुठे वळल्या ते सांगायला नको.

मी उठलो. बायकोने शर्ट धरून खाली ओढलं, तरी उठलो. "सर, नाव घेऊन बोला."

"मी कुणाचं नाव घेतलं?"

"मी पोरगा होतो तेव्हापासून तिथं विटा आहेत! तुम्हीच आम्हाला त्या विटांवरून हाकलायचे!"

"असेल," सर म्हणाले. "माझ्या तरी लक्षात नाही. तुझ्या आठवणीला साक्षीदार कोण?"

साक्षीदार म्हणून मी आजूबाजूला बघितलं. ज्यांच्याबरोबर मी चिंचा खाल्ल्या ते सगळे तिथंच बसलेले होते. एक जण चपलेतला खडा काढत होता, एक जण आभाळाकडे बघत होता. सरांच्या विरोधात बोलायचं म्हणजे पोराच्या लग्नाला मंडळीचं शिफारसपत्र मिळायचं नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "फळी मी आणून दाखवतो. आणि ज्या दिवशी आणीन त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचं, की हा दगड याने विकला नव्हता."

"आण तर आधी," सर म्हणाले. "मग बघू."

"मग बघू" हा काही सौदा नव्हे. एरवी असल्या शब्दावर मी कुणाला यार्डात उभंही करत नाही. पण त्या दिवशी रागात तसाच निघून आलो.

शोधायला मात्र मला फार अक्कल लागली नाही. आवाराची मागची, थडग्याजवळची भिंत फार पूर्वी एका पावसाळ्यात पडली होती, हे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं होतं. भिंत पडली की दगड बैलगाड्यांतून जातात. विहिरीला जातात, जोत्याला जातात. भोकरदनकडची माणसं तेव्हा बाजाराला गाड्या घेऊन यायची आणि परतताना रिकामी गाडी कुणाला आवडत नाही. म्हणून मी त्या बाजूची गावं धरली. खांब बघायला जातो, तुळया बघायला जातो, असं सांगून घराघरांची परसं बघितली. गोठ्यातले दगड बघितले, उंबरे बघितले.

केदारखेड्याच्या पुढे एका वस्तीवर मी एका घराचे खांब बघत होतो. मागच्या अंगणात एक म्हातारी धुणं धुत होती. माझ्या आईच्या वयाची असेल, काटक, डोक्यावरचा पदर कामातही न ढळणारी. ती लुगडं आपटत होती तो दगड काळा, वरून सपाट, साबणाने गुळगुळीत झालेला. आणि त्याच्या कडेला गोल किनार होती. पायथ्याच्या फळीची तशीच किनार मी लहानपणी हजार वेळा हाताने चाचपली आहे.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. जी वस्तू हवी असेल तिच्याकडे बघायचं नाही. मी तासभर खांबांना नावं ठेवली, पाणी मागितलं, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणालो, "मावशी, एवढा मोठा दगड कशाला धुण्याला? देऊन टाका. मी चांगली नवी फरशी बसवून देतो."

"न्हाई."

"अहो, नवी कोरी फरशी."

"तासाभरापासून त्या दगडाकडं न बघता बघून राह्यला तू," ती म्हणाली. "काय हाय बाबा त्यात?"

इतक्या वर्षांत असं मला कुणी पकडलं नव्हतं. मी हसून वेळ मारून नेली. मग तीच सांगायला लागली. दगड तिच्या सासऱ्याने आणलेला. तिचं लग्न होऊन ती आली तेव्हा नुकताच आणला होता. जालन्याला भिंत पडली होती, तिथून गाडीत घालून आणला. "खालच्या अंगानं डमरू हाय. मामंजी म्हनले, देवाच्या डमरूवर पाय कसा देयचा? म्हनून पालथा घातला. तवापासून पालथाच हाय."

दगड सापडला आणि साक्षीदारही सापडला, दोन्ही एकाच अंगणात. आता फक्त उचलायचा. आणि इथं मला वाटलं, आयतीच चावी हातात आली आहे. मी चेहरा गंभीर केला.

"मावशी, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही महादेवाच्या पाठीवर साबण लावून राहिलात?"

तिचा हात थांबला.

"पालथा घातला म्हणून काय झालं? देव तो देवच. मी उद्या गाडी घेऊन येतो, नीट त्याच्या जागी नेऊन बसवतो. तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरेल."

तिने पाय दगडावरून बाजूला घेतला, तेव्हाच मी समजलो की काम झालं. गाडीत गाणं म्हणत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आणि चार माणसं घेऊन गेलो, तर धुण्याच्या जागी नुसता चौकोनी खड्डा. दगड लिंबाखाली उभा. आंघोळ घातलेला, भस्माचे पट्टे ओढलेले, वर बेलाची पानं. समोर नारळ फुटलेला. वस्तीवरच्या सगळ्या बायका ताटं घेऊन रांगेत, आणि एक गडी मंडपासाठी बल्ल्या रोवून राहिलेला. मधोमध कोरलेलं ते घड्याळ भस्मात असं उठून दिसत होतं की मलाही क्षणभर ते डमरूच वाटलं.

"ये रे बाबा," म्हातारी म्हणाली. "ह्यानंच आमचे डोळे उघडले, बायांनो. पाया पडा ह्याच्या."

दोन बायका खरोखरच पाया पडल्या. माझी माणसं टेम्पोमागे तोंड लपवून हसत होती.

मी तिला बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं. हा देव नाही. चर्चच्या आवारातल्या एका गोऱ्या बाईच्या थडग्याची फळी आहे. ते डमरू नाही, घड्याळ आहे.

"काल देव व्हता," ती म्हणाली. "आज थडगं झाला. उद्या येऊन काय सांगशील, पाटा हाय?"

"मावशी, देवाशपथ..."

"कोनत्या देवाची?"

मी चिडलो, आवाज चढवला, तर रांगेतल्या बायकांनी ताटं खाली ठेवली. चार माणसांचा रोज अंगावर घेऊन रिकामा टेम्पो परत आणला. वाटेत एकाने विचारलं, "शेठ, नारळाचा परसाद घ्यायचा का?" त्याला मी तिथंच उतरवलं आणि चालत यायला लावलं.

इकडे झाकणाचा तडा वाढत होता. बांबूचे टेकू दिले होते, तेवढ्यावर ते उभं होतं. आणि मंडळीत नवीनच सुरू झालं. फळी सापडली असं मी बायकोला सांगितलं, बायकोने बहिणीला, आणि रविवारपर्यंत सरांचं म्हणणं तयार: "इतके दिवस कुणाला सापडली नाही, यालाच बरोबर कशी सापडली?" म्हणजे आणली नाही तर विकणारा मी, आणि आणली तर कुठे विकली ते ठाऊक असणारा मी. माझ्या पोरानेही जेवताना विचारलं, "पप्पा, खरंच तुम्ही...?" मी ताट सरकवून उठलो.

तेव्हा ठरवलं, आता चतुराई बस. म्हातारीकडे एकटा गेलो. गाडी नाही, माणसं नाहीत. म्हणालो, "मावशी, दगड राहू द्या. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला आणि डोळ्यांनी बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आन् मी देत न्हाई म्हनले तर?"

"तर नाही."

ती दुसरं लुगडं नेसून आली, बरोबर सुनेला घेतलं. आवारात आणून मी त्यांना थडग्यापाशी उभं केलं. म्हातारी एक फेरी मारून पायथ्याशी आली, आणि तिथली फळी बघून खालीच बसली. तेच कोरीव काम. तीच किनार. तिने बोटाने मधल्या बारीक जागेवरून हात फिरवला.

सर तेवढ्यात काठी टेकत आलेच. "हे वाळूचं घड्याळ आहे, बाई. आणि हे पंख."

"पंख असे लोंबते का?" ती म्हणाली. "ह्या दोऱ्या हायत. डमरू वाजवायच्या. शेवटाला गाठी बघा."

सर वाकले. चष्मा काढला, पुन्हा लावला. गाठींसारखं काहीतरी होतं खरं. ज्या कुणी कोरलं तो इथलाच पाथरवट असणार. साहेबाने कागदावर काय काढून दिलं आणि त्याच्या हाताने काय केलं, देव जाणे. सर म्हणाले, "पिसांची टोकं आहेत ती." ती म्हणाली, "बरं." पण असं म्हणाली की सरांनी दोन पावलं मागे घेतली.

मग तिने मला विचारलं, "आत बाई हाय म्हनला ना तू? किती वर्साची?"

"तरुण होती म्हणतात. तापाने गेली."

"आन् उशाचा दगड आमच्या मामंजीनं नेला. इतकी साल मी त्याच्यावर धुनं आपटलं, आन् ही बिचारी उघड्या डोक्यानं." ती उठली. "जोडी तोडू न्हाई. देते मी. पन देव हाय तो, तसा टेम्पोत कोंबून न्यायचा न्हाई. वाजत आनायचा. आन् मी येनार."

"मावशी, चर्चमध्ये हलगी?"

"मंग राहू दे."

मी पाळकसाहेबांचे पाय धरले म्हटलं तरी चालेल. ते भले गृहस्थ. म्हणाले, फाटकापर्यंत वाजवा, आत शांतपणे या. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "फाटकाच्या आत पन एक डाव." शेवटी आत एका आवर्तनावर तोड निघाली. आयुष्यात इतके सौदे केले, पण हलगीच्या ठोक्यांवर घासाघीस पहिल्यांदाच केली.

शनिवारी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गोधडीवर दगड, शेजारी म्हातारी, मागे बायका, पुढे हलगी. फाटकाशी अर्धी मंडळी जमलेली. मी तीन बल्ल्यांची तिवई उभी करून साखळीची पुली लावून ठेवली होती. झाकण आधीच जॅकवर उचलून घेतलं होतं. दगड साखळीला बांधला, वर उचलला, बरोबर जागेवर आणला आणि थांबवला. साखळी माझ्या हातात.

"मावशी, हा दगड इथून कुणी नेला, सांगा सगळ्यांना."

"आमच्या सासऱ्यानं. भित पडली व्हती, मातीत पडेल व्हता. ह्यानं न्हाई नेला. हा तवा जलमला तरी व्हता का?"

मी सरांकडे वळलो. "आता तुम्ही बोला, सर."

"काय बोलू?"

"ठरलं होतं ते. हा दगड याने विकला नव्हता."

"आता बाईंनी सांगितलंच की सगळ्यांना."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय. तोवर मी खाली सोडत नाही."

पाळकसाहेब घसा खाकरले. बायको लांबून डोळे मोठे करत होती. दगड हवेत हळूहळू फिरत होता, सर काठीच्या टोकाने माती उकरत होते. त्यांचे ओठ हलले, खरंच हलले. आणखी थोडा वेळ गेला असता तर बोलले असते, हे मी आजही शपथेवर सांगतो.

तेवढ्यात म्हातारी ओरडली, "अरे ए! देवाला लटकवून ठेवून काय भांडून राह्यला? उतरव जल्दी!"

तिच्यामागच्या सगळ्या बायका ओरडायला लागल्या. माझ्या हातातली साखळी सुटायला लागली. कुणी सोडली ते मला सांगता येणार नाही, पण हात माझेच होते. दगड खाली आला आणि साच्यात वीट बसावी तसा खाचेत बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. झाकण हळूच वर टेकवलं. सर पुढे झाले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "डावीकडे जरा खाली वाटतंय."

डावीकडे काहीही खाली नव्हतं. मी लेव्हल लावून दाखवली.

रविवारी निवेदनात पाळकसाहेबांनी वाचलं की थडग्याची फळी एका भगिनीच्या चांगुलपणाने परत मिळाली. माझा उल्लेख नव्हता. निवेदन सरांनी लिहिलेलं होतं. त्यानंतर दर सोमवारी वस्तीवरच्या बायका एसटीने येतात, फाटकाबाहेर चपला काढतात आणि उशाच्या फळीवर तांब्याभर पाणी घालून जातात. कुणाला त्रास नाही. पण कमिटीत आता नवा विषय निघाला आहे की हे सुरू कुणी केलं, आणि पुन्हा सगळ्यांच्या माना वळल्या आहेत.

गेल्या महिन्यात सर यार्डात आले. मुलाचं घर बांधून होतंय, त्याला जुना सागवानी दरवाजा हवा. फिरून फिरून एका दरवाजापाशी थांबले. चौकटीवर पोपट कोरलेले, फळ्या एकसंध, माझ्याकडचा सगळ्यात चांगला माल. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं, म्हणजे त्यांना घासाघीस येत नाही.

"काय घेशील?" त्यांनी विचारलं.

"पैसे नकोत," मी म्हणालो. "एक वाक्य. रविवारी, सगळ्यांसमोर."

त्यांनी पोपटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेव्हा जरा गैरसमज झाला होता."

"कुणाचा?"

"असं बघ, झालं गेलं..."

"कुणाचा, सर?"

त्यांनी काठी उचलली. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि गेले. मी रिक्षा बोलावून दिली, भाडंही दिलं, एवढं तरी लिहून ठेवतो.

दरवाजा तिथंच उभा आहे. गिऱ्हाइकं रोज विचारतात. एका हॉटेलवाल्याने तर मी म्हणेन ते द्यायची तयारी दाखवली. मी सगळ्यांना एकच सांगतो, याची बोली चालू आहे.